मागच्या यादीतला शेरा

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. आजही माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण हे घडलंय... आणि मीच लिहिलेल्या कागदावर घडलंय.

बहात्तरचा दुष्काळ. जळकोटच्या पुढं, हायवेला लागून सोसायटीची जनावरांची छावणी होती. मी तिथं क्लार्क. दर शनिवारी छावणीतल्या जनावरांची नवी यादी करायची. मग माझा सोबती कांबळे मागच्या शनिवारची यादी मोठ्यानं वाचायचा आणि मी नवीवर खुणा करायचो. फरक सापडला की नव्या यादीत शेरा – 'घरी नेले' नाहीतर 'मयत'.

एका शनिवारी कांबळे वाचता वाचता अडखळला. "बिल्ला नंबर चाळीस, म्हैस... मयत."

"जुन्या यादीत? कुणी लिहिलं?"

"तुमीच की. अक्षर तुमचंच हाय."

अक्षर माझंच, शाई माझीच. पण म्हैस तर जिवंत होती – आम्ही जाऊन पाहिली, मजेत रवंथ करत होती. हसलो, शेरा खोडला. गुरुवारी म्हैस गेली.

पुढच्या शनिवारी जुन्या यादीत तोच शेरा, गोजराबाईंच्या लालकंधारी गाईपुढं. गोजराबाई एकट्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. गाईसाठी छावणीतच राहायच्या. मी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तपासलं, इंजेक्शन दिलं, म्हणाले, हिला काही झालेलं नाही. तरी मी जास्तीचा कडबा टाकत राहिलो. ते बघून गोजराबाईंनी विचारलं, "भाऊ, माज्याच गाईला एवढं का ओ? खरं सांगा."

मला राहवलं नाही... सांगून टाकलं.

त्या तशाच वळल्या. गाईपाशी बसल्या त्या उठल्याच नाहीत. स्वतःची भाकरही तिलाच चारायच्या. तिसऱ्या दिवशी दुपारी गाईनं त्यांच्या मांडीवर मान टाकली.

मी जवळ गेलो. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमी बोलला नसता तर हे तीन दिस तरी बरे गेले असते ओ."

त्यानंतर आम्ही याद्या ताडून बघणं सोडलं. न वाचताच सह्या करायचो. जनावरं मरायची ती मरतच राहिली.

पुढं कांबळे उमरग्याला गेला. भेटला की सगळ्या गप्पा व्हायच्या, हा विषय सोडून. लोक म्हणतात योगायोग असेल, थकव्यानं तूच चुकून लिहिलं असशील. असेलही. तो शेरा कसा उमटला, मला आजही माहीत नाही... आणि मी तो गोजराबाईंना का सांगितला, हेही नाही.