हबवरचा लाल रंग

काल इथे टाकलेला माझ्या ट्रकच्या लाल हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचा, फोटो आठवतोय? आज त्याच हबनं जीव टांगणीला लावला.

लष्कराच्या लिलावातला हा जुना, चारही चाकांना जोर देता येणारा फोर-व्हील ट्रक मी अहेरीत घरामागं दुरुस्त करून उभा केला. मागं झोपायला फळ्या, टपावर पाण्याची टाकी. आज बायकोला, संगीताला घेऊन हेमलकसाच्या वाटेला लागलो.

नाल्याला गुडघाभर पाणी होतं. आतला दांडा फोर-व्हीलला टाकून ट्रक घातला. मधोमध मागची चाकं रेतीत रुतली, पुढची फिरेचनात. पुढच्या हबवरच्या चकत्या हातानं फिरवून लॉक केल्याशिवाय त्या चाकांना जोर मिळत नाही, आणि त्याच लॉक करायच्या राहिल्या होत्या.

पाण्यात उतरलो. चकती हलेना. मी हौसेनं चढवलेला रंग फटीत जाऊन वाळला होता.

"अवो, पाणी वाढून राह्यलं," संगीता आतून म्हणाली.

"पाना दे मले."

रंग खरवडून, ठोकून दोन्ही चकत्या फिरवल्या, तोवर पाणी कमरेला लागलं होतं. मग पुढच्या चाकांनी रेती धरली आणि ट्रक काठावर चढला.

पाना जागेवर ठेवत संगीता बोलली, "त्या फोटोले किती लाईक भेटले जी?"

भरपूर भेटले. पण चकती फिरते का, हे कोणीच विचारलं नाही. मीही फिरवून पाहिली नव्हती. तुम्ही पाहता का?