शर्यतीच्या सायकलला हळदकुंकू

मेलबर्नच्या लॉकडाऊनमध्ये, आमच्या क्रेगीबर्न उपनगरात, शेजारच्या ऑस्ट्रेलियन आजी खुब्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात गेल्या आणि गॅरेजची किल्ली माझ्याकडे देऊन गेल्या. भेटायला जायची सोय नव्हती. गॅरेजच्या भिंतीवर त्यांच्या वडिलांची शर्यतीची सायकल टांगलेली होती. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे ते ट्रॅकवरच्या शर्यतींत उतरायचे. सायकलला ब्रेक नव्हताच; वेग कमी करायचा तर पॅडलवरचे पाय आवरायचे. लाकडी ट्रॅकवर त्यांनी चांगलं नाव काढलं. मग स्पॅनिश फ्लूच्या साथीत शर्यती बंद पडल्या, आणि पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्याच मोठ्या शर्यतीत ते असे आपटले की परत कधी सायकलवर बसले नाहीत. उरलेलं आयुष्य बेकरीत पाव भाजण्यात गेलं. हे सगळं आजींनी मला कुंपणापलीकडून सांगितलेलं.

दसरा आला. घरची गाडी, लॅपटॉप, मिक्सर पुसून झाले, तरी माझे हात शिवशिवत होते. आगाऊपणा माझ्या अंगातच आहे. मी ती सायकल उतरवली, हँडलवरची काळीकुट्ट कापडी पट्टी सोलून कचऱ्यात टाकली, गंज घासला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि मोठ्या कौतुकाने आजींना फोटो पाठवला.

दोन दिवस उत्तर नाही. बायको म्हणाली, "अरे, त्या पट्टीला त्यांच्या वडिलांच्या हाताचा घाम होता. आधी विचारायचंस तरी." कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती. आजी परत येतील न येतील, आणि मी त्यांच्या बापाची शेवटची खूण पुसून बसलो, या विचाराने सारखा फोन बघत राहिलो.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं. फोन इतके दिवस हॉस्पिटलच्या कपाटात पडून होता. मी पट्टीची कबुली देऊन टाकली. त्या हसल्या. ती पट्टी वडील गेल्यावर आजींनी स्वतःच गुंडाळली होती, गंज दिसू नये म्हणून. मग त्यांनी विचारलं, तो लाल ठिपका कसला? ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याला आम्ही वर्षातून एकदा नमस्कार करतो, असं मी सांगितलं.

"बाबा मरेपर्यंत म्हणत होते, या सायकलने मला पाडलं," त्या म्हणाल्या. "तिला कुणी कधी थँक यू म्हटलंच नव्हतं. हार काढू नकोस, लव्ह. मला घरी येऊन बघायचाय."

हार तोवर वाळून जाईल, हे मी बोललो नाही. त्या घरी येणार होत्या.