पुण्याहून नेलेला अंधार

हिंगोलीच्या स्टँडबाहेर जीपच्या टपावर माझी ट्रंक चढवताना तिचं झाकण उघडलं आणि आतलं सगळं काळं कापड खाली उभ्या असलेल्या एका आजीबाईंच्या अंगावर आलं. कापडातून डोकं बाहेर काढत त्यांनी शांतपणे विचारलं, "एवढं काळं कापड काहून (कशाला) नेऊन राहिले?"

"नाटकाला अंधार लागतो, आजी. खिडक्या झाकायला."

"गोरेगावात? तिथं लाईट जाऊनच राहती. अंधार पुण्याहून आणावा लागतो व्हय?"

जीपमधले सगळे हसले. मीही हसलो, पण मनात म्हटलं, यांना रंगभूमीतलं काय कळतंय. आजीबाईंना बरंच कळत होतं, हे आत्ताच कबूल करून टाकतो.

मी तीस वर्षं मुलांची नाटकं करतोय. माझा आवाज फार चांगला आहे असं लोक म्हणतात. म्हणायचे विसरले तर मी आठवण करून देतो. या खेपेचा बेत असा होता की ज्या मुलांना ऐकू येत नाही ती आणि त्यांची ऐकू येणारी घरची माणसं, अशा सगळ्यांनी एकत्र बसून एकच नाटक पाहायचं. त्यासाठी मी काय केलं? सर्दी झालेल्या हत्तीचं आपलं जुनं नाटक उचललं आणि खुणांची भाषा जाणणाऱ्या मेघाताईंना परभणीहून बोलावून रंगमंचाच्या कोपऱ्यात उभं केलं. झालं, सुटला प्रश्न. मेघाताईंनी तालमीतच विचारलं होतं, "सर, अंधारात माझे हात कुणाला दिसणार?" मी म्हणालो, "दोनच मिनिटांचा अंधार आहे हो. वातावरणनिर्मिती."

रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन निघालेली मोकळी रानं आणि मधेमधे शेंगांनी लगडलेली तूर. डिसेंबरचं ऊन अंगाला बरं वाटत होतं. गोरेगावात उतरलो, चहा घेतला आणि शाळेच्या हॉलच्या खिडक्या मी स्वतः खिळे ठोकून बंद केल्या. अंगठ्यावर एक हातोडी बसली. तोही एक इशाराच होता, पण मी कसला ऐकतोय.

प्रयोगाला हॉल भरला. दुसऱ्या रांगेत दत्तराव नावाचे शेतकरी आपल्या दोन लेकरांना घेऊन बसले होते. धाकटा मुलगा अखंड बडबड्या. मोठी गीता आठ वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती शहरातल्या निवासी शाळेत राहते आणि शनिवार-रविवारी घरी येते. दोन्ही लेकरांना घेऊन अशा कार्यक्रमाला बसायची दत्तरावांची ही पहिलीच वेळ होती.

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. दर वाक्याला नवा विनोद, तोही आयत्या वेळचा. कोपऱ्यात मेघाताईंचे हात घामाघूम. ऐकणारी मुलं आधी हसायची, ऐकू न येणारी जरा वेळानं, आणि तोवर मी पुढच्या विनोदावर गेलेला. गीता कधी माझ्याकडे बघायची, कधी मेघाताईंकडे, मग वडिलांकडे वळून हातानंच विचारायची, काय झालं? ते तिला थोपटायचे आणि पुन्हा हसायचे.

मग आला माझा हुकमी प्रसंग: मिट्ट काळोखात हत्तीची शिंक. दिवे गेले, मी छाती भरून शिंकलो आणि हॉल हसून फुटला. तेवढ्यात फर्रकन आवाज झाला आणि डोळ्यांवर ऊन आलं. गीतानं खिडकीवरचा पडदा ओढून खाली पाडला होता. आणि मी, बालरंगभूमीचा जुना सेवक, हत्तीच्या सोंडेसकट ओरडलो, "कोण आहे ते? खाली बस!" गीताला ते ऐकूच आलं नाही. दत्तरावांना मात्र पुरतं ऐकू आलं. ते मान खाली घालून उठले आणि दोन्ही लेकरांना घेऊन निघून गेले.

प्रयोगानंतर मेघाताईंनी पडलेला पडदा घडी करून माझ्या हातात दिला. मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की पत्ता विचारत दत्तरावांच्या घरी गेलो. मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुमची काय चूक सर. पोरगी अंधारात भिऊन गेली. बाजूचे सगळे हसून राहिले, तिला काहून ते कळंना. आता न्हाई नेत तिला चारचौघांत. तिलाबी तकलीफ, लोकायलाबी तकलीफ."

मी केलेल्या कामाचं फळ हे असं समोर बसलं होतं. एक मुलगी, जिला मी आणखी एकटं पाडून आलो होतो. गीताच्या आईनं मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा पुढे ठेवल्या होत्या आणि नाही म्हणायची सोय नव्हती.

मी खाली बघून शेंगा सोलत होतो, तर घरातली माणसं खुदखुदायला लागली. वर पाहिलं. गीता आईला नाटक करून दाखवत होती. पोट पुढे काढलेलं, एक हात आभाळात, आणि तोंड नुसतं उघडतंय, मिटतंय, उघडतंय, मिटतंय, थांबायचं नाव नाही. मग हात खाली, दुसरा हात आभाळात, पुन्हा तेच. तो मीच होतो. तीस वर्षांची माझी कला, आवाज वजा करून. आई हसली, धाकटा हसला, दत्तरावही हसले, आणि सगळे अगदी एकाच क्षणी. मला हे तीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

"दत्तराव," मी म्हणालो, "उद्या सेनगावला प्रयोग आहे. उघड्यावर, उन्हात. एकदा आणा तिला."

"बघतो," ते म्हणाले. "आलो तर मागं बसू."

रात्री मी आणि मेघाताईंनी नाटक उसवलं. त्या कोपऱ्यातून निघून नाटकात शिरल्या आणि हत्तीचा डॉक्टर झाल्या. माझी बोलणी त्यांनी एकेक करून कापली. मी प्रत्येक वाक्यासाठी भांडलो आणि प्रत्येक वेळी हरलो.

सेनगावच्या शाळेच्या मैदानात सकाळी प्रयोग लागला. दत्तराव आले होते, शेवटच्या रांगेत. मी ब्रही न काढता शिंक आणायला लागलो. नाक वळवळलं, सोंड चढली, येतेय, येतेय, गेली. पुन्हा येतेय. डॉक्टर मेघाताई माझ्या नाकाशी आल्या आणि आली! त्या तीन कोलांट्या खात मैदानाच्या कडेला गेल्या. सगळं मैदान एकदम हसलं.

फक्त दत्तराव हसले नव्हते. धाकट्याला नेमकं तेव्हाच पाणी हवं होतं, म्हणून त्यांची पाठ होती. ते वळले तर सगळे हसतायत. त्यांनी गीताला हातानं विचारलं, काय झालं?

गीता उठली. नाक, सोंड, येतेय, गेली, सगळं सावकाश करून दाखवलं आणि शिंकेला स्वतःच धुळीत लोळली. आसपासच्या दोन रांगांनी माझ्याकडे पाठ केली आणि तिलाच बघत बसल्या. मी मैदानात सोंड धरून उभा. आधी, खरं सांगतो, रागच आला.

ट्रंक उचलू लागताना दत्तराव म्हणाले, "नाटक बरं व्हतं, सर. पण आमच्या गीतानं सांगितलं ते जास्त चांगलं व्हतं." मग थोडं थांबून म्हणाले, "आठ वर्सं मीच तिला सांगत आलो, तेबी अर्धंमुर्धं. आज पहिल्या बारीला तिनं मला सांगितलं."

पुण्यात लोक विचारतात, दौरा कसा झाला? मी सांगतो की सेनगावात ऐन रंगात दोन रांगांनी माझ्याकडे पाठ फिरवली. लोक अरेरे म्हणतात आणि मला मात्र तो प्रयोग पुन्हा तसाच व्हावासा वाटतो.