बुरशी शोधणारे दादा

कशावरच विश्वास नसलेला माणूस बघायचा असेल, तर माझ्या बायकोच्या मावसभावाला बघायला हवं होतं. दादा रत्नागिरीतल्या एका लहानशा खासगी प्रयोगशाळेत औषधी वनस्पती तपासायचे, आणि ते काम त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की सुटीच्या दिवशीही सुटत नसे. लग्नाच्या पंगतीत ते मसालेभात बोटाने पसरून बघत. हर्णेहून कुणी सुकट आणली, तर आभार मानायच्या आधी ती उजेडात धरत. आमच्याकडे चहा आला की आधी वास, मग घोट. ही चिडायची. "दादा, बहीण विष घालेल होय तुला?" त्यावर ते शांतपणे म्हणत, "तू नाही गो घालणार. पण चहापूड कुठे तू पिकवलीस?" प्रयोगशाळेत काचेच्या बशांमध्ये बुरशी वाढवायचे आणि तिच्याशी बोलायचे. "आलात? या. किती जण आहात?" हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

दोन हजार सालच्या आगेमागे मी चूर्णाचा कारखाना नुकताच उभा केला होता. लांज्याच्या स्टँडवर काजूगर विकत वर आलेला माणूस मी. पुण्याच्या एका औषध कंपनीने पचनाच्या चूर्णाची पहिली मोठी ऑर्डर दिली. त्यात भांग पडते. वैद्य तिला विजया म्हणतात. परवान्याची भांग मी घासाघीस करून मिळवली आणि नवी पोती कशाला घ्या, म्हणून आंब्याच्या रिकाम्या पेट्यांत, खाली भाताचा पेंढा घालून, भरून ठेवली. आंबा वर्षानुवर्षं असाच मुंबईला जातो. आता तपासणीचा दाखला मिळाला की माल निघणार होता.

दादांनी नमुना नापास केला. मी तडक प्रयोगशाळेत गेलो.

"पेंढा दमट होता, भावजी. बुरशी पानांत उतरलीय."

"चाळून काढतो."

"चाळणीतून जाते ती."

"मग खालचा थर टाकून देतो. वरच्या मालाला तरी दाखला द्या."

"वरच्याच थरातला नमुना होता तो."

"अहो, घरचा माणूस म्हणून काही आहे की नाही?"

दादांनी बशीवरून मान वर केली नाही. "चूर्ण आजारी माणूस खाणार. तो कुणाच्या घरचा?"

मी टेबलावर हात आपटला. बशा खडखडल्या. "हळू हो," दादा म्हणाले, "उडाली तर तुमच्याच नाकात जाईल."

ऑर्डर हातची गेली. ती कंपनी पुन्हा माझ्याकडे वळली नाही. मी दादांशी बोलणं टाकलं. भाऊबीजेला ते आले की मी मागच्या दाराने बाहेर पडायचो. माल मात्र त्यांच्याकडेच पाठवावा लागे, जवळपास दुसरी सोय कुठे होती? ते दर खेपेला खोड काढत. कधी वाळू, कधी माशीचा पाय, एकदा तर उंदराचा केस. मी शिव्या देत माल साफ करायचो आणि परत पाठवायचो.

मग छातीच्या दुखण्याने दादा गेले. त्यांच्या जागी आलेला गृहस्थ फार गोड बोलतो. "साहेब, तुमच्या मालात काय बघायचं?" म्हणतो. दाखला तयारच असतो. नमुन्याच्या पाकिटाचं सीलसुद्धा कधीकधी होतं तसंच परत येतं.

त्या ऑर्डरचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, जाणारही नाही. पण परवा एक बाई कारखान्याच्या दारात आली. नवऱ्याला अन्न जात नाही म्हणाली, चूर्णाची डबी मागितली. "चांगलं आहे ना हो?" एवढंच तिने विचारलं. दाखला मागे भिंतीवर होता. मी डबी पुढे केली, पण ती माझ्या हातातून सुटेना.