आखाजीला सायबेरिया

आमच्याकडे आखाजीला शिव्या द्यायची रीत आहे. दचकू नका! अक्षय्य तृतीयेला सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात आणि ऊन कललं की सगळ्या तापीच्या वाळूत उतरतात. वैशाखात नदी पार रोडावलेली असते. पलीकडून समोरच्या गावच्या पोरी उतरतात. मग मधे पाणी ठेवून जे सुरू होतं, ते ऐकायला पुरुषमाणूस काठावर थांबत नाही. जे गाव आधी गप्प बसेल ते हरलं, आणि वर्षभर बाजारात टोमणे खाल्ले. आमचं गाव कित्येक वर्षं टोमणे खात होतं.

आमच्या बाजूची म्होरकी म्हणजे माझी फुई, वडिलांची थोरली बहीण. तिला गावातच दिलेली, त्यामुळे आमच्या घरातही राज्य तिचंच. वडील गावात मोठे कापूसवाले, पण बहिणीपुढे मांजर. त्या वर्षी मी सहावीत होते. मुलांच्या शाळेत एकटी पोर, भिंतीकडेला वेगळं बसकर टाकून बसायची. फुईने फर्मान काढलं, "आखाजी व्हयनी का शाळा बंद! पोर मोठी व्हयनी. चूल फुकाले रशियाना राजा येई का?"

रशियाचा राजा तिला माझ्यामुळेच ठाऊक. मास्तर तेव्हा आम्हाला सायबेरिया शिकवत होते आणि माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नव्हतं. उरल पर्वत ओलांडून रशियाच्या झारचे कोसॅक शिपाई निघाले. कशासाठी? तर कातड्यांसाठी! सेबल नावाचा मुंगसाएवढा प्राणी, त्याची लव म्हणजे तिकडचं सोनं. एका नदीवरून दुसऱ्या नदीवर, होड्या ओढत, जागोजाग लाकडी गढ्या बांधत ते थेट पूर्वेच्या समुद्राला जाऊन भिडले. "मुलूक रिकामा नव्हता बरं," मास्तर म्हणाले होते. तिथे रेनडिअर पाळणारे, शिकार करणारे लोक होते. त्यांची माणसं ओलीस धरायची आणि कातडी आणून द्या म्हणायचं. हे सांगताना मास्तरांनी भिंतीवरच्या इंग्रज बादशहाच्या तसबिरीकडे पाहिलं आणि चटकन खडू उचलला. मला असा संताप आला होता! घरी येऊन मी तो झार राजा सगळ्यांना ऐकवला. भाकरी करपली ती वेगळीच.

तर आखाजी आली. मी वाळूत उतरले. उद्यापासून दप्तर खुंटीवर, मग सोयरीक, मग संपलंच. पलीकडच्या पोरी त्या दिवशी फॉर्मात होत्या. आमच्या एकेकीचं सासर, नाक, चाल, सगळं धुऊन काढत होत्या. फुईचा घसा बसला. तेवढ्यात पलीकडून एकीने माझ्याकडे बोट केलं, "शिकेल पोर, मुकी पोर! इले बोलता बी येस नही!"

मला बोलता येत नाही? मला?

पदर खोचला आणि पाण्यात पोटरीपर्यंत गेले. "तुले सायबेरियामा देवोत!" मी ओरडले. "तठे नदी थिजस! कुऱ्हाड लिसन पानी फोडनं पडस!" मग थांबतेय कोण! तुझ्या दारात बर्फ साचो, दार उघडायला फावडं लागो. तुझं दूध मडक्यात दगड होवो. झारचे शिपाई तुझ्या नवऱ्याला ओलीस धरोत आणि सासऱ्याला कातडी आणायला रानात पिटाळोत. तू माहेरी निघालीस तर अर्ध्या वाटेत तीन आखाज्या होवोत!

पलीकडे सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. सायबेरिया म्हणजे काय, हेच कुणाला माहीत नाही. मग उलट शिवी देणार कशी? एकीने तोंड उघडलं आणि मिटलं. संपलं! आमच्या वाळूत असा कल्ला झाला की बगळे उडाले. फुईने मला कडेवर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. रात्री आमरसाची वाटी माझ्यापुढे सरकवत ती वडिलांना म्हणाली, "हाई पोरनी शाळा बंद करू नको. पुढली आखाजीले नवा मुलूक लागी."

शाळा बंद करा म्हणणारी कोण होती, हे विचारायची आमची काय टाप!

पुढच्या आखाजीला मी पदर खोचूनच उतरले. घसा खाकरला, झारचं नाव काढलं. तोच पलीकडून एक बारीक, खणखणीत आवाज आला, "तुन्हा झारनं राज तं कव्हयच बुडनं! तठलाच लोकेस्नी बुडाडं! जुना पुस्तक वाचस का व?"

 खरंच, आमच्या शाळेतलं पुस्तक मास्तरांच्या लहानपणचं. त्यात झार अजून सिंहासनावर होता. "माय व माय," फुई कपाळाला हात लावून म्हणाली, "यास्नी बी पोर शाळामा घाली!" आमच्याशी भांडायला म्हणून त्या गावाने सहावीनंतर शाळा सुटलेली एक मुलगी पुन्हा शिकायला बसवली होती. आम्ही हरलो, आणि मला हसू आवरेना. इतका आनंद मला जिंकतानाही झाला नव्हता.

फुई मात्र पेटली. घरात पाऊल टाकताच वडिलांना म्हणाली, "इले धुळाले धाड. तठे नवा पुस्तक ऱ्हातीन."

जून महिन्यात मी धुळ्याला मास्तरीणबाई व्हायच्या ट्रेनिंगला गेले. वसतिगृहाच्या खोलीत एक ट्रंक आधीच येऊन पडली होती. तिच्यावर बसलेल्या मुलीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तोच खणखणीत आवाज आला, "काय व, सायबेरिया?"

काठावर न सुचलेलं उत्तर तोवर माझ्याकडे तयार होतं. "राजा बुडना," मी म्हटलं, "पन बरफ तं शे ना व! सरक तिकडे, माले बसू दे."