शिट्टीपुरती फट

दातवाल्या काकांनी आयुष्यभर कवळ्या केल्या, पण त्यांची कवळी लावून हसणारं माणूस काही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कसं? दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, काका तळघरात. वरून तोंडाचे साचे यायचे, खालून कवळ्या जायच्या. पूर्वी साचे गल्लीतल्याच म्हाताऱ्यांचे असत. मग बघता बघता परदेशातली माणसं विमानानं दात करून घ्यायला येऊ लागली. त्यांच्याकडे म्हणे इथल्या कवळीच्या खर्चात नुसती तपासणी होते. दवाखान्याच्या पाटीवर चार भाषा चढल्या, समोर लॉज निघालं, आणि काकांना जेवायला फुरसत मिळेना. तरी एवढं काम येतंय म्हणून काका मनातून खूश होते.

एकदा एका परदेशी आजींचा साचा आला, सोबत जुना फोटो. फोटोत पुढच्या दोन दातांमध्ये चांगली ठसठशीत फट. काकांचा जीव कळवळला. इतक्या लांबून आलेली बाई, तिला का फटीसकट परत धाडायचं? त्यांनी जीव ओतून एकसारखी, देखणी कवळी केली. कुणाला विचारलं? छे, विचारतात कशाला!

कवळी तासाभरात परत आली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच. आजी रडताहेत, उद्या सकाळी त्यांचं विमान आहे, वर या, असा डॉक्टरबाईंचा निरोप. काकांचा पारा चढला. असले दात नवरीलाही मिळत नाहीत, आणि म्हणे रडताहेत! कवळी खिशात घालून, तणतणत ते तीन जिने चढले.

वर डॉक्टरबाईंनी सगळं उलगडून सांगितलं. आजींचे यजमान भारी विसरभोळे. बाजारात गेले की दुकानं बघत कुठल्या कुठे जातात आणि हाकेला ओ म्हणून देत नाहीत. मग आजी त्या फटीतून शिट्टी मारायच्या. पन्नास वर्षं त्या एका शिट्टीवर ते मागे वळत आले. दात पडले तशी शिट्टी गेली, आणि गेल्या वर्षात आजोबा तीनदा हरवले. नवे दात आले की शिट्टी येईल, या एका आशेवर आजी इथवर आल्या होत्या.

काका असे ओशाळले की विचारू नका. खाली जाऊन त्यांनी पुढचे दोन दात उपटले, फट ठेवून पुन्हा बसवले आणि कानस घेऊन स्वतःच वर आले. आजींनी कवळी लावून फुंकलं. नुसतीच हवा. काकांनी किंचित घासलं. पुन्हा हवा. आणखी किंचित, श्वास रोखून. आता जास्त गेलं तर सगळंच मुसळ केरात.

आणि शिट्टी वाजली! डॉक्टरबाईंनी कानांवर हात ठेवले.

जिन्यावर धडधड पावलं वाजली. रस्त्यापलीकडे दुकानं बघत उभे असलेले आजोबा धापा टाकत दारात आले आणि काहीतरी म्हणाले.

"विचारताहेत, निघायचं का," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आजी खो खो हसत सुटल्या, फटीसकट. काका टक लावून बघत राहिले. डोळे भरून आले तरी त्यांनी पुसले नाहीत.

तेव्हापासून कुठलाही साचा हातात घेण्याआधी काका तीन जिने चढून जातात आणि समोरच्याला डॉक्टरबाईंकरवी एकच विचारतात.

"दातांनी खाण्याशिवाय आणखी काय काय करता?"