दोऱ्याचं दुसरं टोक

नाजियाचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते. "मावशी, अब्बा नाही राह्यले," एवढंच ती बोलली... युनूसभाई पेंटर गेले त्याला आता दीड महिना होईल. दिग्रसमधल्या अर्ध्याअधिक दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. मला मात्र त्यांनी कविता वाचायला शिकवलं. हे ऐकून ते नक्की हसले असते.

आमच्याकडे जिनिंगच्या एका जुन्या गोदामात काही हौशी मंडळींनी कलाघर सुरू केलं. कवीने कविता म्हणायची, त्याच वेळी चित्रकाराने भिंतीवर चित्र काढायचं आणि मूकाभिनय करणाऱ्याने मधल्या जागेत वावरायचं, असा तिथला प्रयोग. शाळेत उभा जन्म शिकवण्यात गेला, पण स्वतःची कविता चारचौघांत वाचायची म्हटलं की माझे हात असे थरथरायचे, की कवितेपेक्षा कागदाचाच आवाज मोठा. पहिल्या तालमीत दोनदा अडखळले आणि पिशवी उचलून निघालेच. मूकाभिनयवाले सर बोलूनचालून मुके, त्यांनी नुसते हात जोडले. युनूसभाई भिंतीपाशी होते. रंगवण्याआधी सरळ रेघेसाठी ते निळीच्या भुकटीत घोळलेला दोरा ताणून भिंतीवर झटकायचे. त्याचं एक टोक त्यांनी माझ्यापुढे केलं.

"बाई, जाता जाता हे धरा जरा. पण हात हालला तं रेघ वाकडी येईन, सांगून राह्यलो."

"आणि कविता?"

"थे म्हना नं. तोंड तं मोकळंच हाये तुमचं."

दोरा दोन्ही हातांनी धरावा लागला, म्हणून कागद खाली ठेवला. कविता पाठ होतीच. सगळं लक्ष हाताकडे, त्यामुळे ती कधी संपली ते कळलंही नाही... रेघ सरळ आली होती. पुढे प्रत्येक प्रयोगात तो दोरा आमच्या दोघांमध्ये असायचाच. लोकांना त्यात फार मोठा अर्थ दिसे. वणीच्या एका रसिकाने त्यावर चांगलं लांबलचक व्याख्यान झोडलं, तेव्हा युनूसभाई गंभीरपणे मान डोलावत राहिले. खरं कारण त्यांनी कधी चारचौघांत फोडलं नाही. मी घाई करू लागले की ते दोऱ्याला हलकी ओढ द्यायचे, इतकंच. आईवरच्या कवितेचं शेवटचं कडवं मी हमखास पळवायची, रडू फुटेल या भीतीने. तिथली ओढ ठरलेली.

गेल्या आठवड्यात कलाघरात त्यांच्यासाठी सगळे जमायचे होते. मी जाणार नव्हते. घरी साधी सुतळी खिडकीच्या गजाला बांधून कविता म्हणून पाहिली होती. गज धरून ठेवतो, पण ओढत नाही... शेवटी गेले, तर नाजिया अब्बांचा तोच दोरा घेऊन दारात उभी. एक टोक तिने माझ्या हातात दिलं, दुसरं धरून ती भिंतीपाशी उभी राहिली. मी आईवरचीच कविता घेतली. शेवटच्या कडव्याशी आले आणि दोऱ्याला हलकी ओढ बसली. थांबले, सगळ्यांदेखत रडले, आणि मग सावकाश पुरी केली.

"तुले कसं कळलं गं?" मी नंतर विचारलं.

"अब्बानं सांगून ठेवलतं. म्हने, बाई तिथं पयतात, तिथं सोडू नको त्यायले."

माणसाने माणसासाठी याहून काय करून ठेवावं? भिंतीवरची त्या दिवशीची निळी रेघ थोडी वाकडी आली आहे. ती आम्ही पुसलेली नाही.